मुळांचा जबाब

जलपर्णीची मुळं धुणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. नाल्यातून उपसलेल्या एका रोपाला मुठीत मावणार नाहीत इतकी मुळं असतात आणि प्रत्येक मुळाला पिसासारखे बारीक फाटे फुटलेले असतात. त्या फाट्यांत गाळ, शेवाळ, गोगलगायींची अंडी, थर्मोकोलचे मणी, गुटख्याच्या पुडीचा चंदेरी कपटा असं काय काय अडकून बसलेलं असतं. नळाखाली धरलं की आधी काळं पाणी निघतं, मग राखाडी, आणि मग बराच वेळ ते राखाडीच निघत राहतं. जोरात चोळलं तर फाटे तुटतात. हलक्या हातानं धुतलं तर गाळ राहतो, आणि गाळ राहिला की पुढची सगळी मेहनत वाया, कारण मुळांतला जो धातू आम्ही मोजतो तो गाळातही असतोच. यंत्रानं दाखवलेलं निकेल मुळानं आत घेतलेलं की बाहेरून नुसतं चिकटलेलं, याचा निवाडा मग करता येत नाही.

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून लागले, तेव्हा सुरुवातीला माझ्या वाट्याला हेच काम आलं. आई विचारायची, "दिवसभर करतेस तरी काय?" मी सांगायचे, "मुळं धुते." तिला वाटायचं, मी उत्तर टाळतेय.

प्रकल्प चालवणाऱ्या सरांची शिस्त कडक होती. आधी नळाचं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, मग ईडीटीएच्या पातळ द्रावणात थोडा वेळ बुडवायचं. ईडीटीए धातूच्या कणाला धरून ठेवतं, त्यामुळे मुळावर वरवर बसलेला धातू सुटून द्रावणात येतो. ते द्रावणही फेकायचं नाही, त्यातलाही धातू मोजायचा. मग टिपकागदावर निथळून ओव्हनमध्ये. बादलीभर रोपांची शेवटी ओंजळभरसुद्धा पूड होत नसे, कारण जलपर्णीत सुमारे ९५ टक्के नुसतं पाणीच असतं. दळायला मिक्सर चालायचा नाही. मिक्सरची पाती स्टेनलेस स्टीलची, आणि स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात मिसळलेलं क्रोमियम आणि निकेल. ज्यांचा शोध घ्यायचा तेच धातू पात्यांमधून पुडीत उतरायचे. म्हणून अकीकाच्या खलात हातानं घोटायचं. मग ती पूड नायट्रिक आम्लात तापवून पूर्ण विरघळवायची, गाळायची, आणि ते द्रावण अ‍ॅटोमिक अ‍ॅब्सॉर्प्शनच्या यंत्राला द्यायचं. त्या यंत्रात प्रत्येक धातूसाठी दिवा वेगळा असतो आणि ज्योतही जमवून घ्यावी लागते. क्रोमियम मोजताना अ‍ॅसिटिलीन जरा जास्त सोडायचं म्हणजे ज्योत पिवळट होते. ती नीट लागली नाही की आकडे नाचायला लागतात आणि दुपार गेलीच म्हणून समजायचं.

पुण्याच्या माणसाला जलपर्णीची ओळख करून द्यायला नको. थंडी सरत आली की पवना, मुळा, इंद्रायणी हिरव्या होऊ लागतात, डास वाढतात, पेपरात फोटो येतात, यंत्रं लावून काठावर ढीग रचले जातात आणि पावसाळ्यातला पहिला मोठा लोंढा उरलेलं सगळं खाली वाहून नेतो. मूळची ही दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस मुबलक असलं, म्हणजे आपलं सांडपाणी असलं, की हिचं वस्तुमान दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं. जी काढून टाकायला लोक पैसे मोजतात तीच आम्ही टोपलीत घालून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, जपून नेत असू. रिक्षावाले बघत राहायचे.

जलपर्णीला पाण्यातले धातू ओढून घ्यायला लावण्यात नवीन काही नव्हतं, हे मला कामाला लागल्यावरच कळलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, नासाच्या केंद्रात बी. सी. वुल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलपर्णी सांडपाण्यात वाढवून बघितली होती. १९७५ च्या त्यांच्या अहवालांत शिसं, पारा, कॅडमियम, निकेल यांच्यावरचे प्रयोग आहेत. पुढे चेर्नोबिलच्या अपघातानंतर तिथल्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं वाढवली गेली, त्यांची मुळं पाण्यात सोडलेली, आणि त्या मुळांनी किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढून घेतलं. सूर्यफुलाची ही गोष्ट प्रत्येक व्याख्यानात येते, फोटोही छान दिसतो. पण ऐकणारे घरी जाताना एवढंच घेऊन जातात की झाडं लावली की पाणी साफ. आमचा अनुभव जरा वेगळ्या दिशेनं गेला.

प्रकल्पात दोन भाग होते. झाडं धातू काढतात का, हा एक. आणि झाडं धातू दाखवतात का, हा दुसरा. मंजुरी पहिल्या भागामुळे मिळाली असावी, कारण 'शुद्धीकरण' म्हटलं की समितीचे चेहरे खुलतात. मला मात्र दुसऱ्यानंच धरून ठेवलं.

भोसरीच्या बाजूला औद्योगिक वसाहतीच्या मागून एक नाला वाहतो. वरच्या अंगाला तो घरगुती सांडपाण्याचा, खाली येताना लहानमोठ्या वर्कशॉपच्या मागून जातो. पाण्याचा नमुना घ्यायची रीत ठरलेली: पॉलिथिनची बाटली, आधी आम्लानं धुतलेली, नमुना भरला की दोन थेंब नायट्रिक आम्ल, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाही, मग बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत. आम्ही सकाळी दहा-अकराला जायचो. बाटल्यांत निकेल आणि क्रोमियम नावापुरतं सापडायचं. कागदावर नाला बरा होता.

पण बाटली काय सांगते? ती भरली त्या क्षणी पाण्यात काय होतं, तेवढंच. टाकी रात्री रिकामी झाली, पावसाच्या सरीबरोबर सोडली, रविवारी वसाहत बंद असताना सोडली, तर सोमवारच्या बाटलीला त्याचा पत्ता नसतो. मूळ मात्र तिथंच असतं, रात्रीही आणि रविवारीही. त्याला सुट्टी नाही.

म्हणून सरांनी क्रेटची कल्पना काढली. नाल्यात आपसूक उगवलेली जलपर्णी घ्यायची नाही, कारण ती कुठून वाहत आली, किती दिवसांची आहे, काही कळत नाही. प्रयोगशाळेच्या मागच्या सिमेंटच्या टाकीत स्वच्छ पाण्यात रोपं वाढवायची, एकसारख्या आकाराची निवडायची, भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये जाळी बांधून ठेवायची, आणि ते क्रेट नाल्यात ठिकठिकाणी नायलॉनच्या दोरीनं बांधून सोडायचे. एक वरच्या अंगाला, जिथं वर्कशॉप सुरू होत नाहीत तिथं. पुढे वाटेत एक मोरी लागते, तिच्या अलीकडे, तिच्या पलीकडे, आणि असेच पुढे. ठरल्या मुदतीनं उचलून आणायचे.

पहिल्या खेपेला क्रेट चोरीला गेले. रोपं काठावर नीट ओतून ठेवलेली, क्रेट तेवढे गायब. भाजीच्या बाजारात चांगल्या क्रेटला किंमत असते, हे आमच्या प्रस्तावात कुठं लिहिलेलं नव्हतं. मग भंगारवाल्याकडून फुटके क्रेट आणले, तारेनं शिवले आणि त्यावर ऑइलपेंटनं 'तपासणी' असं लिहिलं. त्या एका शब्दानं बरंच काम झालं. काठावरच्या झोपड्यांमधली पोरं तर पुढे स्वतःहून राखण करू लागली. एकानं मला सांगितलं, "मॅडम, तुमचं झाड काल उलटं झालतं, मी सरळ केलं." त्या क्रेटमधल्या रोपांच्या मुळांना त्यानं किती हाताळलं असेल, या विचारानं मी त्याला आधी साबणानं हात धुवायला पाठवलं.

मुळांचे आकडे आले तेव्हा सर बराच वेळ काही बोलले नाहीत. वरच्या अंगाच्या रोपांत जस्त आणि तांबं होतं, तेही सांडपाण्यात असायचं तितकंच. मोरीपर्यंत चित्र तसंच. मोरीच्या पलीकडच्या क्रेटमध्ये निकेल आणि क्रोमियम दोन्ही एकदम वर चढले होते. पुढच्या प्रत्येक खेपेला तेच. आणि ही दोन नावं जोडीनं आली की जाणत्या माणसाला प्लेटिंगचा वास येतो. दुचाकीचे भाग, नळ, फर्निचरच्या नळ्या यांच्यावरची आरशासारखी चकाकी क्रोमची म्हणून ओळखली जाते, पण क्रोमचा थर अगदी पातळ असतो, खाली निकेलचा जाड थर द्यावा लागतो. दोन्ही टाक्या शेजारीशेजारी. एकाच्या मागे दुसरं येणारच.

मला वाटलं, झालं, सापडलं. आता फक्त कळवायचं. सरांनी कपाटातून जलप्रदूषण कायद्याचं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं आणि कलम २१ वाचायला सांगितलं. १९७४ चा हा कायदा. सांडपाण्याचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून टिकायचा असेल तर तो अधिकार असलेल्या माणसानं, कारखान्याच्या ताबेदाराला तिथल्या तिथं नोटीस देऊन घ्यावा लागतो, त्याचे दोन भाग करून सीलबंद करावे लागतात. जलपर्णीच्या मुळाला नोटीस देता येत नाही. शिवाय मोरीत वरून तीन-चार गटारं उतरतात, त्यामागे किती तरी शटरं. मुळानं 'कुठं' ते सांगितलं. 'कोण' आणि 'कधी' यावर ते गप्प होतं. आम्ही आमचे निष्कर्ष संबंधितांना कळवले, नकाशासकट. एवढा फायदा मात्र झाला की नमुने कुठल्या जागी घ्यायला हवेत याबद्दल आता अंदाज बांधता येत होता. तपासणाऱ्याला कुठं उभं राहायचं ते कळणं ही लहान गोष्ट नाही, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

झाड हे करतं कसं, हे मला पुस्तकापेक्षा खलात जास्त कळलं. एकाच रोपाचं मूळ, देठ आणि पान वेगवेगळं घोटलं की मुळाची पूड धातूनं नेहमी भारी निघायची, देठ त्याहून कमी, पान सर्वांत कमी. झाडाला जस्त, तांबं, थोडं निकेल लागतंच. कॅडमियम, शिसं लागत नाहीत, पण तेही त्याच वाटांनी आत शिरतात. आत आलेल्या कॅडमियमला झाड मोकळं फिरू देत नाही. पेशी ग्लुटाथायोनपासून छोट्या साखळ्या तयार करतात, त्यांच्यातलं गंधक धातूला पकडतं आणि ते गाठोडं पेशीतल्या रिक्तिकेत कोंडलं जातं. या साखळ्यांना फायटोकेलाटिन म्हणतात. त्यांचा शोध १९८५ साली जर्मनीत लागला. क्रोमियमची तऱ्हा आणखी निराळी. प्लेटिंगच्या पिवळ्या पाण्यातलं षट्संयुजी क्रोमियम झाडाला सल्फेटसारखं वाटतं, म्हणून ते सल्फेटच्या दारानं आत घेतलं जातं. जलपर्णीच्या बारीक फाट्यांमध्ये त्याचं रूपांतर त्रिसंयुजी क्रोमियममध्ये होतं, जे कितीतरी कमी विषारी आहे आणि फारसं हलतही नाही. मुळातच बसून राहतं. ज्या फाट्यांच्या नावानं मी नळाखाली बोटं मोडायचे, खरं काम तेच करत होते.

नाल्याच्या काठावर एक मावशी अळू लावायच्या. ओळीनं वाफे, पाणी नाल्याचंच, इंजिन लावून उचललेलं. संध्याकाळी जुड्या बांधून त्या बाजारात बसत. आम्हाला मुळं गोळा करताना बघून त्या एकदा म्हणाल्या, "ताई, असल्या मुळ्या नेऊन काय करता?"

"पाण्यात काय काय आहे ते बघतो, मावशी."

"मग माझं अळू बघा की. पाणी काळं असू दे, पण अळू कसं हिरवंगार येतंय. वाईट असतं तर जळलं नसतं का?"

यावर काय बोलावं ते मला पटकन सुचलं नाही, कारण त्यांचा हिशेब कुणालाही पटेल असाच होता. डोळ्यांना दिसतं त्यावर शेती चालते. पण धातू पोटात कोंडून ठेवणारं झाडच हिरवं राहतं, ज्याला ते जमत नाही ते जळतं. त्यामुळे हिरवेपणा हा इथं पुरावाच नव्हे. आम्ही त्यांच्याकडून जुड्या आणि कंदासकट काही रोपं रीतसर पैसे देऊन घेतली. तपासणीत अळूचंही तेच निघालं: मुळं आणि कंद वर, पानं खाली. पण खाली म्हणजे नाहीच, असं नव्हे. पालेभाजीत किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम नको, असा आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा दंडक आहे. इतक्या बारीक मापाचा मामला डोळ्यांनी कसा कळणार? जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्यांनाही तो कळला नव्हता. वरच्या खाणीतलं कॅडमियम नदीत, नदीतून खाचरात, खाचरातून तांदळात. हाडं ठिसूळ होऊन मोडायची, सोसणाऱ्यांत मुख्यतः उतारवयाच्या बायका. इताई-इताई नावाच्या त्या दुखण्याचं कारण कॅडमियम आहे हे जपान सरकारनं १९६८ साली मान्य केलं. भात तोवर दरवर्षी पिकतच होता.

सरांनी मावशींना निदान अळकुड्या विकू नका म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मग दुसरं पाणी कुठनं आणू, ते पण सांगा." ते आम्हाला सांगता आलं नाही.

आता पहिल्या भागाकडे, शुद्धीकरणाकडे. पत्रकार यायचे, एखादी संस्था यायची, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: मग नाल्यात जलपर्णीच का नाही वाढू द्यायची, आपोआप साफ होईल. सरांनी मला एकदा फळ्यावर हिशेब मांडायला लावला. तो मी नंतर इतक्या जणांना सांगितला आहे की पाठ झालाय. धरून चालू, नाल्यातून दिवसाला १० लाख लिटर पाणी जातं आणि लिटरमागे १ मिलिग्रॅम निकेल आहे. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी निकेलची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम, म्हणजे हे पाणी नियमात बसतं. तरी दिवसाला १ किलो निकेल झालं. जलपर्णीचं एक टन ओलं वस्तुमान म्हणजे ५० किलो सुकं. सुक्या किलोमागे सबंध झाडात १ ग्रॅम निकेल साठलं असं उदार मनानं धरलं, तरी टनाला ५० ग्रॅम. १ किलो निकेल काढायला रोज २० टन जलपर्णी उपसायची. दाट वाढलेल्या जलपर्णीचं वजन हेक्टरी २०० टनांच्या घरात असतं, आणि ती दोन आठवड्यांत दुप्पट होते असं धरलं, तर हा रतीब चालू ठेवायला दोन-तीन हेक्टर पाणी लागेल. पाच मीटर रुंदीच्या नाल्यात ते चार ते सहा किलोमीटर झालं, काठोकाठ. आणि रोज २० टन उपसलेलं ठेवायचं कुठं? न उपसता तशीच सडू दिली तर घेतलेलं सगळं पुन्हा पाण्यात. ढीग काठावरच कुजला तर पहिल्या पावसात तेच. ढिगाचं खत करून शेतात घातलं तर नाल्यातला धातू शेतात नेल्यासारखं. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि तिचा वायू होऊन जातो. नागपूरच्या नीरी या संस्थेची, झाडांवर चालणारी फायटोरिड पद्धत घरगुती सांडपाण्याला उत्तम लागू पडते ती म्हणूनच. धातू हे मूलद्रव्य. त्याला खाऊन संपवणारं कुणी नाही. तो फक्त जागा बदलतो.

फळ्यावरचा हा हिशेब बघून लोक हिरमुसायचे. मी नाही. मला त्यातून कळलं की झाडाला नाल्याच्या शेवटी उभं करण्यात अर्थ नाही, ते नळाच्या तोंडाशी हवं, जिथं पाणी थोडं आहे आणि मालक ठाऊक आहे.

योगायोगानं तसा मालक आला. छोटं प्लेटिंग वर्कशॉप, माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, जेमतेम दोन टाक्यांची. शेठ सरळ मुद्द्यावर आले. "मॅडम, झाडं लावली तर मेटाबायसल्फाइटचा खर्च वाचेल ना?" सरांनी तिथंच नाही म्हणून सांगितलं. क्रोमच्या टाकीतून निघालेल्या धुण्याच्या पाण्यात कर्दळ लावली तर कर्दळ मरेल, बस. आधी आम्ल घालून सामू दोनच्या आसपास आणायचा, मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळं पाणी हिरवं होतं, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी झालं. मग चुना घालून सामू वर न्यायचा, हायड्रॉक्साइडचा साका खाली बसतो. हे चुकवता येणार नाही. या सगळ्यानंतर जे उरतं, ते झाडांच्या वाट्याचं. शेठ नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी परत आले. शेडच्या मागे जागा पडीक होती आणि तपासणीला येणाऱ्यांपुढे फुलं बरी दिसतील, असा त्यांचा विचार असावा. आमची हरकत नव्हती.

तिथं प्लास्टिकचा कागद अंथरून खडीचा वाफा केला. पाणी खडीच्या पोटातून जातं, वर दिसत नाही, त्यामुळे डास नाहीत. कर्दळ आणि वाळा लावला. जलपर्णी मुद्दाम टाळली, कारण तिचं एक रोप पावसात निसटलं की नदीला नवी डोकेदुखी. वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात निकेल आणि क्रोमियम दोन्ही आत येणाऱ्या पाण्यापेक्षा कमी असायचे. किती कमी, ते ईटीपी त्या आठवड्यात कशी चालली यावर ठरायचं. ती नीट चालली की वाफाही नीट चालायचा. वाफ्याच्या जिवावर तिथली हलगर्जी खपून जात नव्हती, हे मला बरंच वाटलं.

खरी गंमत केली ती लेम्नानं. डबक्यांवर हिरव्या टिकल्यांचा थर दिसतो ना, तीच. दोन-तीन मिलिमीटरचं पान, खाली केसाएवढं एक मूळ. पाण्याच्या विषारीपणाची चाचणी घ्यायला ही जगभर वापरतात. ओईसीडीची त्यासाठी २००६ सालापासून रीतसर पद्धत आहे, सात दिवसांची, पानं मोजायची. आम्ही तीच जरा घरगुती करून वर्कशॉपमध्ये ठेवली. काचेचे दोन वाडगे, एकात स्वच्छ पाणी, एकात वाफ्यातून निघालेलं, दोन्हीत सारखीच लेम्ना. ईटीपी चालवणारे काका चौथी शिकलेले होते. आकडे लिहायचा त्यांना कंटाळा, पण वाडग्यावर नजर ठेवायला ते हौसेनं तयार झाले. कामावर आल्या आल्या उदबत्ती लावून झाली की आधी वाडगे बघायचे.

एका सोमवारी त्यांचा फोन आला. "मॅडम, तुमची टिकली पांढरी पडली. पुंजका सुटून एकेक पान वेगळं झालंय." लेम्ना कुठल्या विषानं मेली ते सांगत नाही, क्लोरीन असो, आम्ल असो, तिचं तेच होतं. मी डायफेनिल कार्बाझाइडची बाटली घेऊन गेले. नमुन्यात आम्ल टाकून थेंब सोडले तर पाणी जांभळं झालं, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम तसंच पार आलं होतं. शोध घेतला तर शनिवारच्या पाळीत मेटाबायसल्फाइट संपलेलं, आणि सोमवारी मागवू म्हणून काम तसंच पुढे रेटलेलं. नियमाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, आणि ते पाणी गटाराच्या वाटेवर होतं. काकांनी व्हॉल्व्ह आधीच बंद केला होता, कुणी सांगायच्या आत. त्यानंतर शेठनी मेटाबायसल्फाइटची एक गोणी कायम शिल्लक ठेवायला सुरुवात केली.

वर्षानंतर कर्दळीचे गड्डे इतके दाटले की खडीतून पाणी तुंबायला लागलं. उपसावे लागणार होते. शेजारच्या शेडमधल्या एकानं गड्डे बंगल्यात लावायला मागितले, दुसऱ्यानं पाला गाईला हवा म्हणून सांगितलं. काकांनी दोघांनाही हाकललं. आम्ही थोडी मुळं भट्टीत जाळून राख तपासली. धातू राखेत सगळाच्या सगळा होता, उलट वजनाच्या मानानं कितीतरी घट्ट झालेला. मग ठरलं, मुळं वाळवून ईटीपीच्या गाळाबरोबर घातक कचरा म्हणून रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राला पाठवायची.

शेठ म्हणाले, "म्हणजे शेवटी कचराच? मग झाडं लावली कशाला?"

"जे हजारो लिटर पाण्यात विखुरलेलं होतं, ते आता या पिंपात आहे," मी म्हटलं. "त्याचं वजन करता येतं, ते कुठं गेलं ते लिहून ठेवता येतं."

लिहिण्याचीच अडचण निघाली. घातक कचरा पाठवताना फॉर्म १० भरावा लागतो, कचऱ्याचं वर्णन, वजन, कुठून कुठं, सगळं. गाडीवाल्या पोरानं पिंपाचं झाकण उघडून आत पाहिलं आणि पेन थांबवून विचारलं, "यात काय लिहू? मुळ्या लिहिल्या तर तिकडं घेणार नाहीत." काका म्हणाले, "प्लेटिंगचा गाळ लिही, आणि शेरा टाक, मुळांसकट." तसंच लिहिलं. रांजणगावच्या काट्यावर कुणी हरकत घेतली नाही, आणि पुढच्या वेळेपासून तोच शेरा चालू आहे.